धुळीला मालक असतो

पुण्यातल्या खराडीच्या हवेबद्दल कुणी बोलायला लागलं की समोरून पहिलं वाक्य हमखास येतं: ‘अहो, ही काय दिल्ली आहे का?’ सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत येतं, फ्लॅट दाखवणाऱ्या विक्री कार्यालयात येतं, सरकारी टेबलापलीकडूनही येतं. मागोमाग दुसरं: ‘हिवाळ्यात असं होतंच.’ मग तिसरं: ‘बांधकामं संपली की धूळ बसेल.’ आणि एवढ्यानंही जो गप्प बसत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेलं अस्त्र: ‘तुमच्याही पार्किंगमध्ये दोन गाड्या आहेतच की!’ असं बोलणारी माणसं दुष्ट नसतात. त्यातली निम्मी स्वतःच खोकत असतात. तरीही या वाक्यांचा एकदा हिशेब व्हायला हवा, कारण ती सगळी मिळून एकच काम करतात. ही धूळ नेमकी कुणाची, एवढं विचारायचं राहून जातं.

दिल्लीपेक्षा पुण्याची हवा बरी आहे, यात वाद नाही. पण दिल्ली हे माप कुणी ठरवलं? देशाचं माप २००९ सालापासून कागदावर आहे. चोवीस तासांच्या सरासरीत पीएम १० हे कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर आणि पीएम २.५ हे त्याहून बारीक कण ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. वर्षाच्या सरासरीत हीच मर्यादा अनुक्रमे ६० आणि ४०. आता मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक घ्या. २०१५ पासून आपण तो पाहतो आहोत. त्यात १०१ ते २०० या पट्ट्याला ‘मध्यम’ म्हणतात, आणि खराडीत हिवाळ्यात ‘मध्यम’ दिसलं की सुस्कारा सोडायची पद्धत आहे. पण निर्देशांकाचा शंभर हा आकडा नेमका कुठे लागतो? पीएम २.५ साठावर आलं की, किंवा पीएम १० शंभरावर आलं की. म्हणजे कायद्यानं घालून दिलेली मर्यादा जिथे संपते, बरोबर तिथे ‘मध्यम’ सुरू होतं. पीएम १० अडीचशेवर, मर्यादेच्या अडीचपटीवर, पोचेपर्यंत हा शेरा बदलत नाही. पस्तीसला पास असलेल्या परीक्षेत चौतीस मिळवणाऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘मध्यम’ लिहून पालकांची सही घ्यावी, तसला हा प्रकार आहे.

बरं, हे मी पदरचं सांगत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यातच ‘मध्यम’समोर लिहिलेलं आहे की दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना, मुलांना, म्हाताऱ्यांना या हवेचा त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली पीएम २.५ साठी चोवीस तासांची पातळी १५ आणि वर्षाची ५ अशी सुचवली. आपल्याकडे पीएम २.५ तीस असेल तरी तो दिवस ‘चांगला’ गणला जातो. संघटनेचे आकडे आपल्याला परवडणारे नाहीत असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, तूर्त आपलेच आकडे धरू. २०१९ साली केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला, तेव्हा स्वतःच्या देशाचीही मानकं न पाळणाऱ्या शहरांची यादी केली गेली. पुणे त्या यादीत आहे. तेव्हा ‘पुण्याची हवा चांगलीच आहे’ हे म्हणणं निदान सरकारला तरी मान्य नाही.

त्यातही आकडा अख्ख्या शहराचा. काही मोठ्या शहरांच्या हवेचा अंदाज सांगणारी ‘सफर’ ही यंत्रणा ज्या संस्थेनं उभी केली, ती भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था पुण्यातच, पाषाणला आहे. तिची केंद्रं पाषाणलाही आहेत आणि लोहगावलाही. टेकडीलगतची हवा आणि विमानतळालगतची हवा एकत्र करून भागाकार केला की निघणारा आकडा कुणाच्याच नाकासमोरचा नसतो. खराडीतल्या थिटे वस्तीतून शाळेला चालत निघालेलं पोर शहराची सरासरी श्वासात घेत नाही. ते समोरून गेलेल्या डंपरमागची हवा घेतं.

डंपरवर आलोच आहोत तर थोडं थांबू, कारण खराडीचं सगळं गणित त्याच्या चाकांखाली आहे.

केंद्रीय मंडळानं दीड दशकापूर्वी देशातल्या सहा शहरांत प्रदूषणाचे उगम शोधण्याचा अभ्यास करवून घेतला. पुण्याचं काम वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं केलं. पीएम १० मध्ये सर्वांत मोठा वाटा निघाला तो रस्त्यावरून पुन्हा पुन्हा उडणाऱ्या धुळीचा. या निष्कर्षाचा आपल्याकडे फार सोयीस्कर अर्थ लावला गेला: धूळ म्हणजे माती, माती म्हणजे निसर्ग, आणि निसर्गाला नोटीस कशी काढणार? पण नगर रस्त्यावर, झेन्सार कंपनीच्या आसपास, मुंढव्याकडे जाणाऱ्या बायपासवर पसरलेली धूळ आभाळातून पडलेली नाही. वाघोलीच्या खाणींत काळा दगड फुटतो, क्रशरवर त्याची खडी होते. नदीतली वाळू दुर्मिळ आणि महाग झाल्यापासून त्याच दगडाची ‘क्रश सँड’ही होते, म्हणजे पूर्वीपेक्षा बारीक दळण आणि पूर्वीपेक्षा जास्त चुरा. हा माल डंपरमधून नगर रस्त्यानं आत येतो. आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवर सिमेंटमध्ये मिसळतो, मिक्सरमधून साइटवर जातो, जाता जाता चढावर आणि खड्ड्यावर थोडा रस्त्यावर सांडतो. उलट दिशेनं तळघरांचा खोदलेला मुरूम आणि पाडकामाचा राडारोडा निघतो, आणि रात्रीच्या अंधारात त्यातला काही रिकाम्या प्लॉटवर नाहीतर नदीकाठी ओतला जातो. क्रशरवर हा चुरा ब्रासच्या भावानं विकला जातो, तोवर त्याला मालक असतो. डंपरच्या फाळक्यातून गळून रस्त्यावर पडला की तो निसर्गाचा होतो! हा मालकीबदल कोणत्या कायद्यानं होतो?

यावर जरा जाणकार माणूस म्हणतो, की जाड धूळ नाकात आणि घशात अडकते. खरी घातक ती पीएम २.५, आणि ती ज्वलनातून येते. यात तथ्य आहे. केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन. दहा मायक्रॉनच्या आसपासचे बरेचसे कण वरच अडकतात, अडीचच्या खालचे फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि अतिसूक्ष्म कण तिथून रक्तातही उतरतात. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूनं मीच सांगतो: आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटसारखा मोकळा क्वार्ट्झ फारसा नसतो, त्यामुळे सिलिकोसिसची, म्हणजे क्वार्ट्झच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाची, भीती तुलनेनं कमी. पण ही सूट दगडापुरती. ग्रॅनाइट, टाइल, काँक्रीट कापणाऱ्या कटरच्या धुरळ्याला ती लागू नाही. शिवाय रस्त्यावर पडलेला कण दिवसभर टायरांखाली दळला जाऊन बारीक होत राहतो. आणि ज्वलन म्हणाल, तर तोच डंपर चाकांनी धूळ उडवतो आणि नळीतून डिझेलची काजळी सोडतो. धूळ आणि धूर वेगळे करून एकेकाला निर्दोष सोडायची सोय प्रयोगशाळेत असेल, खराडीच्या रस्त्यावर नाही.

हिवाळ्याचं उत्तर थोडक्यात. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर तुलनेनं उबदार थर राहतो आणि खालची घाण वर जाऊ शकत नाही. टेकड्यांच्या कुशीतल्या पुण्यात हे जास्त जाणवतं. पण हिवाळा धूळ तयार करत नाही, असलेली खाली धरून ठेवतो. पावसाळ्यात हवा धुतली जाते तेव्हा महापालिकेचे आभार मानायचे नसतात, हे जसं कळतं, तसं जानेवारीत थंडीला दोष द्यायचा नसतो हेही कळायला हरकत नाही. आणि हिवाळा काही अचानक येत नाही. दरवर्षी नोव्हेंबरात येणाऱ्या पाहुण्यासाठी ऑक्टोबरात तयारी करता येते.

‘बांधकामं संपली की…’ हे वाक्य मात्र मला सगळ्यांत क्रूर वाटतं, कारण ते दिलासा म्हणून बोललं जातं. खराडी १९९७ साली महापालिकेत आली. तेव्हा इथे नदीकाठची शेती होती. त्यानंतर ईऑन आयटी पार्क आलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं, टॉवरामागून टॉवर आले. एक साइट संपते तोवर शेजारच्या प्लॉटभोवती पत्रे लागलेले असतात. इकडे संपलं तर नदीपलीकडे केशवनगरला आणि मांजरीला सुरू होतं. नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत मेट्रो २०२४ च्या मार्चमध्ये आली, तिथून वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रानं २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिली. म्हणजे पुढची काही वर्षंही खोदकामाचीच. एकेक बांधकाम तात्पुरतं असेल, बांधकाम ही अवस्था इथे कायमची आहे. २०१० साली इथे जन्मलेल्या मुलाची दहावी या ‘तात्पुरत्या’ धुळीत झाली.

आणि मुलाचं फुप्फुस थांबत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रदूषित वस्त्यांत दहा ते अठरा वर्षं या वयात फुप्फुसाची वाढ कमी पडली होती, आणि अठराव्या वर्षानंतर ती भरून निघायला फारसा अवधी उरत नाही. त्याच संशोधकांनी २०१५ साली दुसरी बाजू दाखवली: हवा सुधारली तशी पुढच्या तुकड्यांतल्या मुलांची फुप्फुसं चांगली वाढली. दुसरा निष्कर्ष आपल्याकडे कमी सांगितला जातो. भीतीपेक्षा उपायाची बातमी कमी विकते, दुसरं काय.

आता त्या दोन गाड्यांकडे येतो. हा आरोप मला मान्य आहे. खराडीत गाड्या फार आहेत, आणि त्यातली एकही आपोआप चालत नाही. घरातल्या हवेचं पापही आपलंच. बंद खोलीत जळणारी डासांची एक कॉइल सुमारे शंभर सिगारेटींइतका धूर करते, हे पूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. पण कॉइल का लागते? २०२४ च्या फेब्रुवारीत मुंढवा, केशवनगर, खराडीच्या नदीपात्रावर कीटकांचे उंचच उंच मनोरे दिसल्याचं चित्रण देशभर फिरलं. ते डास होते की डासांचे भाऊबंद, यावर नंतर चर्चा झाली, पण पात्रात सांडपाणी आणि त्यावर जलपर्णी होती याबद्दल दुमत नव्हतं. नदी नासली म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून कॉइल. यातला किती दोष काडी ओढणाऱ्याचा?

गाड्यांचंही तसंच. नगर रस्त्यावर २०१६ साली बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, सुरू झाली. ती अर्धवट होती, थांबे अडचणीचे होते, सगळं खरं. म्हणून ती दुरुस्त करायची की उखडायची? दहा वर्षंही झाली नसताना कोंडीचं कारण सांगून ती उखडली, बसची स्वतंत्र वाट मोटारींना दिली, आणि आता त्याच मोटारवाल्यांना बसनं जा म्हणून उपदेश केला जातो. टँकरचं बघा. २०२१ साली भामा आसखेड धरणाचं पाणी पूर्व भागात आलं, तरी टँकरच्या रांगा संपल्या नाहीत, कारण पाण्याचा विचार न करता इमल्यांना परवानग्या मिळत राहिल्या. प्रत्येक टँकर म्हणजे डिझेलची आणखी एक फेरी, ओल्या चाकांना चिकटून रस्त्यावर येणारा आणखी थोडा चिखल, जो दुपारपर्यंत वाळून धूळ होतो. वीज गेली की जनरेटर, तोही डिझेलचा. यांतला एकही निर्णय फ्लॅटधारकानं घेतलेला नाही. त्याच्या वाट्याला फक्त मासिक वर्गणी येते. सगळे जबाबदार आहेत, हे वाक्य ऐकायला फार समंजस वाटतं. त्यात कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

‘पण हवेनं मेलेला माणूस दाखवा,’ असंही म्हणतात. लंडनमधली एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली दम्यानं गेली. ती वर्दळीच्या रस्त्याजवळ राहत होती. पहिल्या चौकशीत श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू, एवढंच लिहिलं गेलं. तिच्या आईनं ती चौकशी रद्द करवली, नवी लावली, आणि २०२० च्या डिसेंबरात मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदलं गेलं. नोंद होईपर्यंत सात वर्षं ते कारण अस्तित्वातच नव्हतं. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’, ‘न्यूमोनिया’, ‘सीओपीडी’ लिहिलं जातं आणि मग म्हटलं जातं की प्रदूषणाचा बळी कुठे दिसतो? ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१९ या एका वर्षात भारतातले सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेशी जोडता येतात. अंदाज कमी-जास्त होऊ शकतो. अर्धा केला तरी तो गप्प बसण्याजोगा होत नाही.

राहता राहिला विकास. धुळीबद्दल बोलाल तर बांधकामं थांबतील, मजुरांचा रोजगार जाईल, शहर मागे पडेल. बांधकाम थांबवा असं कोण म्हणतंय? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०१८ च्या जानेवारीत अधिसूचना काढली आहे. ज्या शहरांत हवेतले कण मर्यादेबाहेर आहेत तिथे साइटकडे जाणारा रस्ता पक्का हवा. माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही. इमारतीच्या एक-तृतीयांश उंचीचा, जास्तीत जास्त दहा मीटरचा, वाराअडथळा उभारायचा. पाण्याचा फवारा हवा. उघड्यावर दगड-फरशी कापायची नाही. न झाकलेलं वाहन साइटवरून हलवायचं नाही. आणि हे सगळं आपण करतो आहोत असा फलक लोकांना दिसेल तिथे लावायचा. मुंबई महापालिकेनं २०२३ च्या ऑक्टोबरात मोठ्या इमारतींभोवती पस्तीस फुटी पत्र्यांची सक्ती केली. त्या पत्र्यांमुळे मुंबईतली बांधकामं थांबली, असं काही ऐकिवात नाही. फवाऱ्याला पाणी कुठून, हा प्रश्नही खराडीत विचारू नये. महापालिकेचं मैलाशुद्धीकरण केंद्र इथेच आहे आणि बांधकामासाठी प्रक्रिया केलेलंच पाणी घ्या, असं महापालिका स्वतः सांगते.

नियम आहेत, मग अडतं कुठे? १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आहे, पण २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं त्यातली कैदेची भीती बहुतांशी जाऊन दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. टॉवरच्या वरच्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या किमतीपुढे दहा हजार म्हणजे नारळ फोडण्याचा खर्च. तक्रार करायची तर क्रशर आणि प्लांटसाठी राज्याचं प्रदूषण मंडळ, साइटसाठी महापालिका, डंपरसाठी आरटीओ आणि वाहतूक पोलीस. त्यात २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक होता, जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. धूळ एकच, पण तिच्या तक्रारीला चार खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून शेजारच्या खिडकीकडे बोट.

मजुरांच्या रोजगाराचा कळवळा असणाऱ्यांना एक विचारायचं आहे. ही ओरड फ्लॅटवाल्यांची, एअर प्युरिफायर परवडणाऱ्यांची, असं ते म्हणतात. प्युरिफायरवाला निदान खिडकी लावून घेतो. साइटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोल्यांत राहणारा बिगारी धुळीतच काम करतो, धुळीतच भाकरी-रोटी खातो आणि धुळीतच झोपतो. वाघोलीच्या खाणींवरच्या मजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेनं ‘पाषाण शाळा’ काढल्या, तेव्हा शाळा खाणीशेजारीच न्यावी लागली. मुलं राहत होती तिथेच. ही माणसं सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर नाहीत म्हणून त्यांची तक्रार नाही, असं समजायचं का?

बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ साली कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. या कामगारांची फुप्फुसं दरवर्षी तपासायला आणि कटरवर बसणाऱ्याला धड मुखपट्टी द्यायला नवा कायदा लागत नाही. खराडीतल्या सोसायट्यांनी हवेच्या आकड्याचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवणं थोडं कमी करून शेजारच्या साइटचा २०१८ च्या अधिसूचनेतला फलक कुठे आहे ते बघून यावं. नसेल तर त्या साइटच्या धूळ नियंत्रण आराखड्याची प्रत आणि आजवरच्या तपासण्यांच्या नोंदी माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे मागाव्यात. अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि अर्जात साइटचं नाव, सर्व्हे नंबर आणि विकसकाचं नाव लिहावं लागतं.